सोर्स कोड आणा, कंपाइल करा, इन्स्टॉल करा: कोकणातल्या घरच्या डेस्कटॉपसाठी

हवं असलेलं सॉफ्टवेअर सापडतं, पण त्याच्या पानावर तयार पॅकेज नसतं. सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखाणाची, एक टार फाईल (बऱ्याच फाईलींचं एकत्र गाठोडं) आणि शेजारी तीन कमांड, एवढंच असतं. लिनक्स नव्याने वापरायला लागलेले बरेच जण तिथूनच मागे फिरतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सोर्स कोडवरून चालवता येणारा प्रोग्राम बनवणं म्हणजेच कंपाइल करणं.

मी असं धरून चाललोय की तुमच्याकडे डेबियन, उबंटू किंवा लिनक्स मिंट असलेला साधा डेस्कटॉप आहे, चार जीबी रॅम आहे आणि टर्मिनल उघडता येतं. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घालून उबंटू सुरू केलं तरी पुढचं जवळजवळ सगळं लागू पडेल. आणखी एक गोष्ट धरलीय: घर कोकणात आहे. पावसाळ्यात लाईट जाणार, मोबाईलची रेंज येणार-जाणार. बाहेरच्या मार्गदर्शनांत या दोन गोष्टींचा विचारच नसतो, आणि आपल्याकडे कंपाइल करताना माणूस अडतो तो बहुतेक याच दोन ठिकाणी. म्हणून त्यांना इथे जास्त जागा दिली आहे.

कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत, स्मॉल लिपीत टाइप करायच्या; आकडेही इंग्रजी. मोकळी जागा, डॅश, टिंब आणि तिरपी रेघ जशी दिसते तशीच द्यायची.

आधी गरज आहे का ते बघा

जे सॉफ्टवेअर ‘ऍप्ट’ने, म्हणजे तयार पॅकेज उतरवून बसवणाऱ्या कमांडने, मिळतं ते ऍप्टनेच घ्या. ते डेबियन किंवा उबंटूच्या लोकांनी तपासलेलं असतं, त्याला सुरक्षेचे अपडेट आपोआप येतात आणि काढायला एक कमांड पुरते. सोर्सकडे वळायची खरी कारणं थोडी आहेत: पॅकेज उपलब्धच नाही, उपलब्ध आहे पण फार जुनं आहे, एखादी सोय पॅकेज बनवणाऱ्यांनी बंद ठेवली आहे, किंवा तुम्हाला स्वतः कोडमध्ये बदल करायचा आहे. शेवटचं कारण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सॉफ्टवेअरमधलं मराठी भाषांतर चुकलेलं दिसलं, ते सोर्समध्ये सुधारलं, पुन्हा कंपाइल केलं आणि स्क्रीनवर नीट मराठी दिसलं, हे ज्याने एकदा केलं तो संगणकाकडे पूर्वीच्या नजरेने बघत नाही.

हत्यारं

सुडो ऍप्ट अपडेट
सुडो ऍप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल

‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकारांनी चालव. या एका पॅकेजबरोबर जीसीसी हा कंपायलर (कंपाइल करणारा प्रोग्राम), सी प्लस प्लससाठी जी++, मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फाईली येतात. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात असा तयार कोड, आणि हेडर फाईलीत तो कसा वापरायचा हे कंपायलरसाठी लिहिलेलं असतं. जीसीसी १९८७ पासून आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. मेक त्याहून जुनं. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ वाया गेली होती: प्रोग्राममधली चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती, आणि तो जुनाच प्रोग्राम तपासत बसला होता. कुठली फाईल बदलली आणि तिच्यामुळे काय काय नव्याने करावं लागेल, हे माणसाने लक्षात ठेवू नये, यासाठी मेक जन्माला आलं. लाईट गेल्यावर आपल्याला हाच गुण उपयोगी पडतो. त्याबद्दल पुढे येईलच.

पहिलं कंपाइल: ग्नू हेलो

सुरुवात मोठ्या सॉफ्टवेअरने करू नका. ग्नू हेलो नावाचा प्रोग्राम आहे, तो फक्त एक अभिवादन छापतो. पण त्याची बांधणी मोठ्या सॉफ्टवेअरसारखीच आहे, म्हणून हात बसवायला उत्तम. टार फाईल सुमारे एक एमबीची आहे. दोन काड्यांच्या रेंजवरही उतरते.

एमकेडीआयआर ~/सोर्स
सीडी ~/सोर्स
डब्ल्यूगेट -सी एचटीटीपीएस://एफटीपी.जीएनयू.ओआरजी/जीएनयू/हेलो/हेलो-२.१२.१.टार.जीझेड

डब्ल्यूगेट ही फाईल उतरवायची कमांड. तिला दिलेला ‘-सी’ विसरू नका. डाउनलोड मध्येच तुटलं तर तीच कमांड पुन्हा द्यायची. जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होतं. अर्धवट उतरलेली फाईल उघडायला गेलात तर टार ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाईल’ म्हणून तक्रार करतं. ती दिसली की दुसरं काही शोधत बसू नका, फाईल अपुरी आहे.

टार एक्सएफ हेलो-२.१२.१.टार.जीझेड
सीडी हेलो-२.१२.१
एलएस

आत बऱ्याच फाईली दिसतील. ‘रीडमी’ आणि ‘इन्स्टॉल’ या दोन आधी वाचा. घाई असली तरी वाचा. कुठल्या लायब्ऱ्या लागतात आणि कुठले पर्याय देता येतात, ते तिथेच असतं. ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये खरा कोड आहे. आता:

./कॉन्फिगर

सुरुवातीचं टिंब आणि तिरपी रेघ म्हणजे ‘याच फोल्डरमधली फाईल चालव’. स्क्रीनवर ‘चेकिंग फॉर’ने सुरू होणाऱ्या ओळी भराभर सरकू लागतात: चेकिंग फॉर जीसीसी... जीसीसी. चेकिंग व्हेदर द सी कंपायलर वर्क्स... येस. सुतार काम हातात घेण्याआधी घरभर फिरून मापं घेतो, तसं कॉन्फिगर तुमचा संगणक तपासून बघतं: कंपायलर कुठला, हेडर आहेत का, अमुक फंक्शन चालतं का. यातल्या कित्येक ओळींपुढे ‘नो’ येतं. त्याने घाबरायचं नाही. ‘नो’ म्हणजे ती गोष्ट नाही, तिच्याशिवाय भागवू. थांबायचं ते फक्त ‘एरर’ शब्दाला. शेवटी ‘क्रिएटिंग मेकफाईल’ दिसलं की मापं झाली.

मेक

प्रत्येक डॉट-सी फाईलची एकेक डॉट-ओ फाईल बनते आणि शेवटी त्या सगळ्या जोडून प्रोग्राम तयार होतो. झालं की इन्स्टॉल न करताच चालवून बघा:

./हेलो

‘हेलो, वर्ल्ड!’ आलं ना? मग मेक चेक द्या. त्याने प्रोग्रामबरोबर आलेल्या चाचण्या चालतात. सगळ्याच सॉफ्टवेअरला त्या नसतात. असतील तर मी त्या टाळत नाही.

आता कोड उघडा

ही पायरी बहुतेक ठिकाणी देत नाहीत, पण माझ्या मते खरी सुरुवात इथूनच होते. ‘एसआरसी’ फोल्डरमधली ‘हेलो.सी’ फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि त्यात मोठ्या ‘एच’ने सुरू होणारं ‘हेलो, वर्ल्ड!’ शोधा. दुहेरी अवतरणचिन्हं तशीच ठेवून आतला मजकूर बदला आणि लिहा: येवा, कोकण आपलोच असा! फाईल सेव्ह करा. मॅन्युअलचं पान कोडवरूनच तयार होतं, त्यामुळे तेही नव्याने बनवायला घेतलं जातं. त्यासाठी ‘हेल्प२मॅन’ नावाचं छोटं पॅकेज ऍप्टने आधी घालून ठेवा. मग पुन्हा मेक.

या वेळी किती कमी ओळी आल्या बघा. मेकने बाकीच्या फाईलींना हातही लावला नाही, हेलो.सी तेवढी नव्याने कंपाइल केली आणि जोडणी केली. ./हेलो चालवा. स्क्रीनवर मालवणी उमटेल. काही टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि मात्रा तुटक दिसतात. तो टर्मिनलचा दोष, तुमच्या कामाचा नाही. या वाक्यात जोडाक्षर नसल्यामुळे ते सहसा नीटच दिसतं.

मुलांना शिकवताना मी आधी हेच करून घेतो. ‘मी लिहिलेलं संगणकाने ऐकलं’ हे एकदा कळलं की पुढचे एरर त्यांना धमकीसारखे वाटत नाहीत.

दुसरं कंपाइल: एचटॉप, आणि न सापडणारी लायब्ररी

हेलोला बाहेरचं काही लागत नाही. खऱ्या सॉफ्टवेअरला लागतं. संगणकावर काय चाललंय, किती मेमरी खर्च होतेय हे दाखवणारा एचटॉप घ्या. हा प्रोग्राम हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये सुरू केला, आता स्वयंसेवकांचा गट तो सांभाळतो. गिटहब या सोर्स कोड ठेवायच्या साइटवर त्याच्या ‘रिलीजेस’ भागात जा आणि ‘एचटॉप’ नाव आणि आवृत्तीचा आकडा असलेली टार.एक्सझेड फाईल घ्या. तिथेच खाली ‘सोर्स कोड’ नावाच्या दोन फाईली आपोआप तयार झालेल्या असतात, त्या घेऊ नका. त्यांत कॉन्फिगर ही फाईलच नसते. ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ बघून नवशिके गोंधळतात, त्याचं कारण बहुतेक हे असतं. तीच फाईल घ्यायची वेळ आली तर आधी ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक ही पॅकेजं घालून ./ऑटोजेन.एसएच चालवावं लागतं, तेव्हा कॉन्फिगर तयार होतं.

टार उलगडून ./कॉन्फिगर दिलंत की ताज्या संगणकावर ते मध्येच थांबेल आणि एनकर्सेसडब्ल्यू (टर्मिनलमध्ये स्क्रीन मांडणाऱ्या एनकर्सेसचाच एक प्रकार) ही लायब्ररी सापडत नाही असं सांगेल. तुम्ही म्हणाल, एनकर्सेस तर आहे, कितीतरी प्रोग्राम ती वापरतात. बरोबर. पण डेबियन आणि उबंटूमध्ये लायब्ररीचे दोन भाग वेगळे ठेवतात. तयार प्रोग्राम चालवायला लागणारा भाग तुमच्याकडे आहे. नवा प्रोग्राम कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाईली दुसऱ्या पॅकेजात असतात, आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असतं.

सुडो ऍप्ट इन्स्टॉल लिबएनकर्सेस-डेव्ह
./कॉन्फिगर
मेक

‘-डेव्ह’ लक्षात ठेवलंत तर निम्मी लढाई जिंकलात. ‘अमुक.एच: नो सच फाईल’ असा एरर मेकच्या वेळी आला तरी उपाय हाच. हेडरचं नाव माहीत आहे पण पॅकेजचं नाही, अशा वेळी ‘ऍप्ट-फाईल’ घाला, ‘सुडो ऍप्ट-फाईल अपडेट’ द्या आणि ‘ऍप्ट-फाईल सर्च अमुक.एच’ विचारा. ते पॅकेजचं नाव देतं.

एरर वाचायची एक सवय लावून घ्या. मेकने शेवटी ‘एरर १’ किंवा ‘एरर २’ लिहिलेलं असतं, ते काहीच सांगत नाही. ती फक्त ‘मी थांबलो’ अशी नोंद आहे. वर स्क्रोल करत जा आणि ‘एरर:’ असलेली पहिली ओळ गाठा. खालचे पंचवीस एरर बहुतेक त्या एकाचीच पिल्लं असतात. कॉन्फिगर थांबलं असेल तर त्याच फोल्डरमधली ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा, कुठल्या तपासणीत काय झालं ते त्यात सविस्तर असतं. कोणाला मदत मागताना ‘कंपाइल होत नाही’ एवढंच सांगू नका, ती पहिली ओळ जशीच्या तशी पाठवा. समोरच्याचा वेळ वाचतो आणि उत्तरही लगेच मिळतं.

लाईट गेली तर

मृगापासून पुढे चार महिने हा प्रश्न रोजचा. मोठं सॉफ्टवेअर जुन्या डेस्कटॉपवर तासभर कंपाइल होत असतं आणि पन्नासाव्या मिनिटाला वायरवर फांदी पडते. यूपीएस असेल तर टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी दाबून मेक थांबवा, मग संगणक रीतसर बंद करा. कंट्रोल-सीने थांबवल्यावर मेक हातातली अर्धवट फाईल स्वतः काढून टाकतं. लाईट आल्यावर त्याच फोल्डरमध्ये जाऊन पुन्हा मेक द्यायचं. झालेलं काम पुन्हा होत नाही.

यूपीएस नसेल आणि संगणक झटक्यात बंद झाला असेल तर थोडी काळजी घ्यायला हवी. मेक काम झालं की नाही हे फाईलीच्या वेळेवरून ठरवतं. डॉट-ओ फाईल डॉट-सीपेक्षा नवी दिसली की ‘झालंय’ असं समजून पुढे जातं. ती आतून पूर्ण आहे का हे तपासत नाही. वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली फाईल नावापुरती उरते, कधी अगदी शून्य बाइटची. मेक तिला ओलांडून जातं आणि अगदी शेवटी जोडणीच्या वेळी लिंकर म्हणतं, ‘फाईल नॉट रेकग्नाइज्ड: फाईल ट्रंकेटेड’. कोडमध्ये चूक शोधू नका, ती नाहीच. एररमध्ये ज्या डॉट-ओ फाईलचं नाव आहे ती डिलीट करा आणि पुन्हा मेक द्या. अशा फाईली बऱ्याच असतील तर सरळ ‘मेक क्लीन’ द्या आणि पहिल्यापासून कंपाइल करा. वेळ जाईल, पण खात्रीचं काम होईल.

घड्याळ

ही अडचण मी किनाऱ्यावर इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिला वेगळा भाग द्यायलाच हवा. संगणक बंद असतानाही तारीख-वेळ टिकते ती मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमुळे, नंबर सीआर२०३२. प्लग लावलेला असेल तर सेलवर भार फारसा येत नाही. पण आपल्याकडे विजा चमकायला लागल्या की घरातले प्लग काढून ठेवायची पद्धत आहे. पद्धत योग्यच आहे, ती सोडू नका. मात्र प्लग निघाला की घड्याळ निव्वळ त्या सेलवर चालतं, आणि सात-आठ वर्षं जुन्या डेस्कटॉपमधला सेल केव्हाच दमलेला असतो. मग संगणक सुरू होतो तो २०१० सालात वगैरे. नेट असेल तर वेळ आपोआप दुरुस्त होते. लाईट आणि रेंज एकदमच गेलेली असली तर होत नाही.

एका शाळेच्या संगणक खोलीत हे घडताना पाहिलं. आठवीतल्या मुलीने हेलोची टार उलगडली, कॉन्फिगर दिलं आणि ‘चेकिंग व्हेदर बिल्ड एन्व्हायर्नमेंट इज सेन’ या ओळीशी ते थांबलं. पुढे एरर: नवी बनवलेली फाईल टारमधल्या फाईलींपेक्षा जुनी आहे, सिस्टिमचं घड्याळ तपासा. तिने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “सर, ह्या साली तर मी जन्मलेच नव्हते.” एरर तिने स्वतःच सोडवला होता.

टारमधल्या फाईलींवर त्या बनवल्या तेव्हाची, म्हणजे २०२२ ची तारीख असते. तुमचा संगणक स्वतःला २०१० मध्ये समजत असेल तर आज बनलेली फाईल त्याला बारा वर्षं जुनी वाटते, आणि वेळेवर विसंबणारं मेक पूर्ण गोंधळतं. कधी कॉन्फिगर निभावतं आणि मेक ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा देतं, कारण तेच. तात्पुरता उपाय:

सुडो डेट -एस "२०२५-०७-१४ १८:३०"

त्या क्षणाची खरी तारीख आणि वेळ अवतरणचिन्हांत द्यायची. मग मेक क्लीन, आणि पुन्हा सुरुवात. कायमचा उपाय म्हणजे नवा सेल. प्लग काढून, झाकण उघडून, सेल कुठल्या बाजूने बसवलाय ते बघून तसाच नवा बसवायचा. महाग नाही. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

नेट नसताना

गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर गर्दी होते. वादळानंतर तर विचारूच नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या पट्ट्यात कित्येक दिवस वीज आणि फोन दोन्ही नव्हते. म्हणून रेंज चांगली असेल तेव्हाच सगळं उतरवून ठेवावं: टार फाईल, तिच्या सोबतची सहीची फाईल (तिच्याबद्दल पुढे ‘विश्वास कुणावर’मध्ये), आणि लागणारी ‘-डेव्ह’ पॅकेजं. ‘सुडो ऍप्ट-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली’ आणि पुढे पॅकेजांची नावं दिली की ती उतरून संगणकावर पडून राहतात, इन्स्टॉल होत नाहीत. नंतर नेट नसतानाही साध्या ऍप्ट इन्स्टॉलने बसतात.

कुडाळ-रत्नागिरीला कुणाकडे चांगलं वायफाय असेल आणि टार पेनड्राइव्हवर आणलीत, तर ती थेट पेनड्राइव्हवर उलगडू नका. पेनड्राइव्ह बहुधा फॅट प्रकारात फॉर्मॅट केलेला असतो. त्यावर लिनक्सच्या फाईलींचे हक्क टिकत नाहीत, आणि ./कॉन्फिगर दिलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं. आधी घरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मग उलगडा. त्या फोल्डरच्या नावात मोकळी जागाही नको. ‘माझी कामं’ असं दोन शब्दी नाव दिसलं की कॉन्फिगर ‘अनसेफ’ म्हणून हात वर करतं. ‘सोर्स’सारखं इंग्रजी अक्षरांतलं एकशब्दी नाव बरं.

मेमरी

‘मेक -जे४’ दिलं की चार फाईली एकाच वेळी कंपाइल होतात. ‘एनप्रॉक’ ही कमांड तुमच्या प्रोसेसरला किती कोअर आहेत ते सांगते आणि बरेच जण तोच आकडा देतात. चार जीबीच्या संगणकावर सी प्लस प्लसचं मोठं सॉफ्टवेअर असेल तर तसं करू नका. एकेक कंपायलर एक जीबीपर्यंत किंवा त्याहून जास्त मेमरी खाऊ शकतो, मग लिनक्स त्यातल्या एकाला मारून टाकतं आणि तुम्हाला ‘किल्ड’ असा मोघम शब्द दिसतो. -जे२ द्या, ब्राउझर बंद करा.

इन्स्टॉल

सुडो मेक इन्स्टॉल

सुडो फक्त इथे. कॉन्फिगर आणि मेक कधीही सुडोने चालवू नका. दुसऱ्याच्या स्क्रिप्टला विनाकारण पूर्ण अधिकार मिळतात, आणि तयार होणाऱ्या फाईली रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीच्या होऊन नंतर साधा मेकही चालेनासा होतो. प्रोग्राम ‘/यूएसआर/लोकल’मध्ये जातो. ऍप्ट त्या जागेला हात लावत नाही, म्हणून दोघांची टक्कर होत नाही.

मला स्वतःला दुसरी रीत जास्त पसंत आहे, विशेषतः जिथे एक संगणक घरातले चौघे वापरतात:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/.लोकल
मेक
मेक इन्स्टॉल

इथला ‘होम’ शब्द कॅपिटल अक्षरांत टाइप करायचा. सुडो लागत नाही, सगळं तुमच्या फोल्डरमध्ये राहतं, काही बिघडलं तरी बाकीच्यांना त्रास नाही. एकदा लॉगआउट होऊन परत या, म्हणजे नवा प्रोग्राम नावाने सापडेल. इन्स्टॉल झाल्यावरही जुनीच आवृत्ती चालतेय असं वाटलं तर ‘हॅश -आर’ द्या. टर्मिनलने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. आणि सॉफ्टवेअरबरोबर लायब्ररीही इन्स्टॉल झाली असेल आणि ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आलं, तर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ एकदा चालवा. ‘/यूएसआर/लोकल’मध्ये केलेल्या इन्स्टॉलला एवढं बहुतेक वेळा पुरतं.

विश्वास कुणावर

सोर्स आहे म्हणजे सुरक्षितच, असं मानू नका. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाईली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकसकाला, कारण एसएसएचने (दूरच्या संगणकावर जायच्या सोयीने) लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि ते त्याला खटकलं. यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की चोरदरवाजा उघडणारा एक तुकडा सगळ्यांना बघता येणाऱ्या कोडच्या साठ्यात, म्हणजे गिट भांडारात, नव्हताच, तो फक्त रिलीजच्या टार फाईलमध्ये घातलेला होता. कॉन्फिगर चालवताना तो जागा व्हायचा.

सामान्य माणसाने काय करावं? टार मूळ प्रकल्पाच्या जागेवरूनच घ्यावी, व्हॉट्सॲपवर आलेली नाही. सोबत एसएचए२५६ चा आकडा (फाईलच्या मजकुरावरून काढलेली तिची खूण) दिला असेल तर ‘एसएचए२५६सम’ कमांडने तो जुळवून बघावा. ग्नूच्या टार फाईलींबरोबर शेवटी ‘.एसआयजी’ असलेली सहीची फाईल असते. त्याच साइटवरून ग्नू-कीरिंग (सह्या तपासायच्या चाव्यांची फाईल) उतरवून ‘जीपीजी --व्हेरिफाय’ने सही तपासता येते. सहीमुळे फाईल वाटेत कुणी बदलली नाही एवढं कळतं. सही करणाराच फितूर असेल, जसं एक्सझेडमध्ये झालं, तर सही वाचवत नाही. म्हणून अगदी काल आलेली आवृत्ती लगेच घेण्याची घाई मी करत नाही.

सीमेक आणि मेसन

सगळीकडे कॉन्फिगर नसतं. फोल्डरमध्ये ‘सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी’ दिसली तर ऍप्टने सीमेक घालून:

सीमेक -एस . -बी बिल्ड
सीमेक --बिल्ड बिल्ड
सुडो सीमेक --इन्स्टॉल बिल्ड

पहिल्या ओळीतले ‘एस’ आणि ‘बी’ कॅपिटल. ‘मेसन.बिल्ड’ दिसली तर मेसन आणि निंजा घाला. ‘मेसन सेटअप बिल्ड’, मग ‘निंजा -सी बिल्ड’, इथे ‘सी’ कॅपिटल. नावं बदलली तरी क्रम तोच: मापं, कंपाइल, इन्स्टॉल. ‘-डेव्ह’ पॅकेजांचं आणि घड्याळाचं सगळं तसंच लागू.

मालवण, देवगड, हर्णैकडच्या ज्यांना होड्यांची आवड आहे त्यांनी सीमेकचा हात बसला की ओपनसीपीएन घेऊन बघावं. जीपीएस जोडून सागरी नकाशावर होडी कुठे आहे ते दाखवणारं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला डब्ल्यूएक्सविजेट्स आणि बऱ्याच लायब्ऱ्यांची ‘-डेव्ह’ पॅकेजं लागतात, म्हणून पहिल्या दिवशी नको. समुद्रात मात्र त्याच्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नये; भारताचे अधिकृत सागरी नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, ते वेगळे.

इन्स्टॉल केल्यानंतर

सोर्सचं फोल्डर डिलीट करू नका. काढून टाकायची वेळ आली की त्याच फोल्डरमध्ये जाऊन ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’ द्यायचं असतं. घरच्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल केलं असेल तर सुडोशिवाय. फोल्डर गेलं असेल तर तीच आवृत्ती पुन्हा उतरवून, त्याच पर्यायांनी कॉन्फिगर करून मग अनइन्स्टॉल करता येतं. सीमेकमध्ये अशी सोय बहुधा नसते; तिथे बिल्ड फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी’ बनते, त्यात बसवलेल्या प्रत्येक फाईलचा पत्ता असतो.

यातलं काहीही ‘ऍप्ट अपग्रेड’ने नवं होत नाही. तुम्ही कंपाइल केलेल्या प्रोग्रामचे सुरक्षेचे अपडेट बघणं आता तुमच्याकडे आहे. एका वहीत सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, तारीख, कॉन्फिगरला दिलेले पर्याय आणि घातलेली ‘-डेव्ह’ पॅकेजं लिहून ठेवा. वही म्हणतोय ते मुद्दाम: हार्ड डिस्क गेली की तिच्यातली नोंदही जाते. पुढची आवृत्ती आली की वहीतलं पान समोर ठेवून, जुनी अनइन्स्टॉल करून, नवी त्याच पर्यायांनी बसवायची.